तांब्यातला वेग

जोरात तर कुणीही हाकेल. बैलगाडी असो, टांगा असो, नाहीतर धरणातली मोटारबोट असो, हात सैल सोडला की झालं. कसब लागतं ते हळू चालवायला, आणि तेही सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच हळूत. हे मी सांगतो, कुसगावचा कोंडाजी. सहा वर्षं मी त्या बोटीच्या मागच्या टोकाला बसून दोरी सांभाळली आहे. ज्याला पटत नसेल त्यानं फळीवर एकदा उभं राहून दाखवावं, मग माझ्याशी वाद घालावा.

फळीचा खेळ साहेबलोकांचा. लोणावळ्याच्या एका धरणावर त्यांचा क्लब होता. मुंबईचे गोरे आणि इथले बंगलेवाले पारशी सुट्टीच्या दिवशी तिथं जमायचे. दाराएवढी एक फळी दोरीनं बोटीमागं बांधायची, तिच्यावर माणसानं उभं राहायचं, हातात लगामासारखी दुसरी दोरी धरायची आणि बोटीनं त्याला पाण्यावरून ओढत न्यायचं. एवढ्यासाठी हे लोक आगगाडीनं घाट चढून येतात म्हणून आमचं गाव पोट धरून हसायचं. मीही हसलो होतो, पण पहिल्याच दिवशी हसू गेलं. बोट मंदावली की फळी बुडते. बोटीनं हिसका दिला की माणूस तोंडावर आपटतो आणि खांदा निखळतो. मधला जो वेग आहे, टांग्याचं घोडं दुडकं चालतं तेवढाच, तो सुतभरही हलून चालत नाही. आणि हलवायला सगळं जग टपलेलं असतं. वेगाचा दांडा इंजिनाच्या थरथरीनं आपोआप मागं सरकतो, दुपारी घाटाकडून वारा सुटतो, वळणावर फळी बाहेर फेकली जाते आणि दोरी एकदम जड होते.

बोट चालवायचा दस्तगीरभाऊ. माझ्याच गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. धरण बांधलं तेव्हा तो दगड फोडायच्या इंजिनावर होता, तेव्हापासून त्याची इंजिनांशी सोयरीक. बोटीला वेग दाखवायचं घड्याळ होतं, पण त्याचा काटा आल्या दिवसापासून शून्यावर झोपलेला. दस्तगीरभाऊला त्याची गरजच नव्हती. तो नुसत्या आवाजावर चालवायचा, आणि त्याच्यामागं फळीवरून कुणी पडलं तर ते स्वतःच्या कर्मानं.

मग सन छत्तीसच्या पावसाळ्यात त्याला हिवतापानं धरलं. कोयनेलच्या गोळ्यांनी ताप गेला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. एक तो, दुसरी त्याची बायको मेहमुदा आणि तिसरा मी. क्लबात कळलं असतं तर त्याच दिवशी त्याला सुकाणूच्या चाकावरून उठवलं असतं, कारण बहिऱ्याच्या हाती बोट कोण देणार? आणि चाकावरून उठला तर हा माणूस जगणार नाही हे मी मेहमुदाच्या तोंडावर वाचलं होतं. म्हणून मी तोंड मिटलं.

त्यानं काय केलं, तर घरातला पितळी तांब्या बोटीत आणला. चाकासमोरच्या फळकुटावर चुंबळ ठेवली, तिच्यावर तांब्या, आणि त्यात गळ्यापर्यंत पाणी. इंजिन हळू पडलं की तांब्यातलं पाणी हिंदकळायचं. वाजवीपेक्षा जोरात गेलं की पाण्याला काटा यायचा आणि थेंब बाहेर उडायचे. बरोबर वेगाला मात्र बारीक, सारखी वर्तुळं उमटायची आणि जागच्या जागी उभी राहायची. एक डोळा धरणावर आणि एक त्या वर्तुळांवर ठेवून तो चालवायचा. माझं काम टाचेचं. टाच एकदा आपटली की निघा, दोनदा आपटली की थांबा. तो हादरा त्याच्या तळपायाला कळायचा. असे आम्ही दोन वर्षं चालवत होतो आणि कुणाला शंका आली नाही.

अडतीस साली ईस्टरच्या सुट्टीत क्लबाला नवा सेक्रेटरी आला. हार्कर साहेब. उंच, लालबुंद, आणि सगळ्या गोष्टींना नाक मुरडणारा. धक्क्यावर दहाबारा पाहुणे जमले होते. साहेब बोट तपासायला वाकला, त्याला तांब्या दिसला, आणि त्यानं तो दोन बोटांनी काठाला धरून, अंगापासून लांब, वर उचलला.

"ये क्या? टट्टी का लोटा? बोट में?"

पाहुणे खदखदून हसले. एका मडमेनं नाकाला रुमाल लावला. दस्तगीरभाऊला शब्द ऐकू आले नाहीत, पण दोन वर्षांत तो चेहरे वाचायला शिकला होता. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

साहेबाची चूक कुठून आली ते मला कळत होतं. त्यानं तांब्या पाहिला असेल तो सकाळी शेताकडं निघालेल्या माणसांच्या हातात, आगगाडीच्या खिडकीतून. दारात आलेल्या माणसापुढं पहिल्यांदा धरतात तोही तांब्याच, हे त्याला कसं माहीत असणार? त्याला कुणी घरात घेतलंच नव्हतं.

मी पुढं झालो आणि त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. आता खरं तेच सांगतो. सहा वर्षं आम्ही एका बोटीत बसलो, एका जांभळीखाली भाकरी सोडली, पण दस्तगीरभाऊच्या भांड्यातलं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. माझं मडकं मी घरून आणायचो. तो कधी बोलला नाही आणि मीही नाही. गावाची रीत म्हणून दोघांनी ती गोष्ट गिळली होती. साहेबानं त्या तांब्याला तसं म्हटलं तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि त्याच रागात मला माझी स्वतःची लाज वाटली. त्याच्याहून मी कुठं वेगळा होतो? मेहमुदा तो तांब्या रोज चिंचेनं घासते हे मला सहा वर्षं दिसत होतं. मी तांब्या तोंडाला लावला, वरून धार न धरता, चांगले ओठ टेकवून, आणि घटाघटा निम्मा केला.

"प्यायचं पानी हाय, साहेब," मी तोंड पुसत म्हटलं. "तुमी बी घ्या."

हसू थांबलं. दस्तगीरभाऊ माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायची त्यानं तसदी घेतली नाही.

साहेब आणखी लाल झाला. "ठीक है, पीने का पानी. किनारे पे रखो. बोट में नहीं."

साधं पाणी असतं तर काठावर ठेवलं असतं, जांभळीला टांगलं असतं. पण तांब्या उतरला की दस्तगीरभाऊचे कान उतरले. पहिल्याच वळणावर सगळं उघडं पडणार. मी त्याला हातानं खुणा केल्या, साहेब म्हणतो हे काठावर ठेवा. त्यानं माझ्याकडून तांब्या घेतला, धरणात बुडवून गळ्यापर्यंत भरला, आणि परत चुंबळीवर ठेवला.

"सुना नहीं?" साहेब त्याच्या तोंडाशी जाऊन ओरडला.

"न्हाई ऐकलं," दस्तगीरभाऊ म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, धक्क्यावर शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मी बहिरा हाय, साहेब. दोन सालं झाली. कानानं कायबी येत न्हाई. इंजिन मला ह्या पान्यात दिसतं. ह्यो तांब्या उतरला तर मीबी उतरतो."

दोन वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट त्यानं अशी एका दमात धक्क्यावर टाकली. साहेबाला एवढी मराठी कळत नव्हती, पण पाहुण्यांत धनबाई नावाची एक पारशीण होती, साठीची, अंगानं भरभक्कम. तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि माझ्या अंदाजानं थोडं तिखटमीठ लावूनच.

"अजून सांगा त्येला," दस्तगीरभाऊ तिला म्हणाला. "त्येनं फळीवर हुबं ऱ्हावं. मी चालिवतो. माझ्या चुकीनं पडला, तर मी माझ्या पायानं घरला जातो, बोलवू नका परत. न्हाई पडला, तर तांब्या हितंच."

इतक्या लोकांत साहेब नाही कसं म्हणणार? त्यानं "ऑल राइट" म्हणून अंगरखा काढला.

मी टाच एकदा आपटली. बोट निघाली, दोरी ताणली, फळीचं नाक वर आलं आणि साहेब आधी गुडघ्यावर, मग पायांवर उभा राहिला. दस्तगीरभाऊचा डावा हात दांड्यावर होता. तो हात मी त्या दिवशी नीट पाहिला. दांडा केसभर मागं सरकायचा आणि हात त्याला केसभर पुढं आणायचा, न थांबता, न घाईत. पलीकडच्या टेकडीखाली वळण आलं, तिथंच नेमका वारा सुटला. दोरी माझ्या मुठीत सारखीच राहिली, ना ढिली ना ताठ. तांब्यातली वर्तुळं जागची हलली नाहीत.

साहेब आधी दात ओठ खाऊन उभा होता. वळणानंतर त्याच्या चेहऱ्यावर नवल दिसलं. धक्का जवळ आला तेव्हा तर तो हसत होता. त्यानं एक हात वर केला आणि ओरडला, "स्टॉप!"

टाच दोनदा आपटायची, एवढंच माझं काम. मला एकाएकी पलीकडच्या काठावरचा एक बगळा फार आवडला आणि मी त्याच्याकडं बघत बसलो. दस्तगीरभाऊनं एकदा मान वळवून मला विचारलं, डोळ्यांनीच. मी मान हलवली, काही नाही, चालू द्या. बोट धक्क्याजवळून तशीच पुढं गेली.

दुसऱ्या फेरीत साहेबाचं हसू मावळलं. तो ओरडत होता, "स्टॉप! रोको! रोको!" दोरी सोडून पाण्यात उडी टाकायची त्याला मोकळीक होती, पण मग सगळे म्हणाले असते की पडला. आणि पडावं म्हटलं तर बोट हिसकाच देईना. तिसऱ्या फेरीत त्याच्या पोटऱ्या लटलट कापायला लागल्या तेव्हा मला दया आली. मी टाच दोनदा आपटली. दस्तगीरभाऊनं बोट इतकी हळुवार थांबवली की फळी नावेसारखी तरंगत धक्क्याला येऊन लागली.

धक्क्यावर टाळ्या चालल्या होत्या. साहेब लंगडत आमच्याजवळ आला, आणि दात आवळून, फक्त आम्हालाच ऐकू जाईल असं, म्हणजे फक्त मलाच, म्हणाला, "कल से मत आना. दोनों."

शब्द दिला होता, सगळ्यांसमोर दिला होता, आणि आता हळूच मागं घेत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय म्हनला?" दस्तगीरभाऊनं मला विचारलं.

"म्हनतोय, उद्या लौकर या," मी ओठ सावकाश हलवत म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग साहेबाच्या. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं साहेबाला वाकून सलाम केला. "येऊ की," तो म्हणाला, "त्यात काय येवढं!"

पाण्याची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. बयाबाई, माझी बायको, उंबऱ्यातच उभी होती.

"प्यालात म्हनं त्यांच्या तांब्यातलं?"

"प्यालो. समद्यांसमोर प्यालो. कुनाला काय म्हनायचं असंल त्यानं माज्याकडं यावं."

तिनं माझ्या हातातलं मडकं काढून घेतलं. मग म्हणाली, "तर मंग उद्याच्याला मडकं कशाला वागवताय?" आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच लौकर गेलो. दस्तगीरभाऊनं इंजिन पुसलं, तेल बघितलं आणि चाकावर बसला. मी दोरी सोडवून घेतली. आमच्याहून आधी धनबाई आली होती. गुडघाभर पाण्यात, फळी पोटाशी धरून, ती उभी होती.

"डस्टगीर, पहिला नंबर माजा हाय हां," ती म्हणाली. "आनि तीनच फेऱ्या. साएबला दिल्या तेवड्याच."

मी बोटं दाखवून त्याला तीन सांगितलं. त्यानं मान डोलावली. तेवढ्यात क्लबाचं दार धाडकन उघडलं आणि हार्कर साहेब रात्रीच्या कपड्यांतच बाहेर धावला. तो पायऱ्यांवरून ओरडत खाली येत होता, हात हलवत, उतरा, निघा, बोट सोडा. मी खाली मान घालून दोरीची गाठ तपासली. ती चांगली घट्ट होती. मी टाच आपटली आणि बोट निघाली.

साहेब काठावर उभा राहून बराच वेळ ओरडत होता. दस्तगीरभाऊला ऐकू येत नव्हतं, आणि आता ते सगळ्यांना ठाऊक होतं.