तार्मोचे बारीक शब्द

तार्मोच्या तगालोगमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत, एकही चूक नसायची. त्यामुळे आमच्या घरात कोणाला ते फार वेळ ऐकवायचं नाही.

तार्मो माझ्या थोरल्या बहिणीचा, सिनागचा नवरा. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तार्मो तेव्हा त्याच्या एस्तोनियाजवळच्या समुद्रात पवनचक्क्या उभारण्याच्या कामावर होता, म्हणून त्यांची मुलगी मारेत आमच्याकडे तळ्याकाठी राहिली. थोडे दिवस, असं तेव्हा ठरलं होतं. ती माझ्या खोलीत झोपायची, भिंतीकडची बाजू तिची. या मे महिन्यात तार्मोने तळ्यामागच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर नोकरी धरली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर भाड्याने घेतलं आणि पुस्तकातून शिकलेली भाषा घेऊन तो राहायला आला. मारेतला तगालोगच येत होतं. ती त्याची मुलगी आहे हे त्याला पुस्तकाशिवाय सांगता येत नव्हतं.

क्रियापदं त्याची माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरी होती. पण आमच्या बोलण्यात वाक्यांच्या फटींतून जे बारीक शब्द बसलेले असतात, नमान, मूना, पाला, दाव असले, ते त्याच्या बोलण्यात नव्हते. पुस्तकात ते शेवटच्या प्रकरणात होते. तिथपर्यंत पोचण्याआधी विमान निघालं.

आमच्याकडे पहिल्यांदा जेवला तेव्हा तो म्हणाला, "मासा चांगला आहे. मी आणखी घेणार नाही."

नानायने, म्हणजे माझ्या आईने, माशाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "काय झालंय त्याला?"

"कोणाला, कूया तार्मोला?" मी म्हटलं. थोरल्या मेहुण्याला आम्ही कूया, म्हणजे दादा म्हणतो.

"माशाला."

"काही नाही. चांगला आहे म्हणतायत."

"म्हणतायत की सुनावतायत?"

मारेतला न्यायचं की नाही याबद्दल नानायचं म्हणणं साधं होतं. "पोरगी काही सुटकेस नाही. तिला विचारा. हो म्हणाली तर न्या."

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी तो विचारायला आला. शर्टाला इस्त्री होती. मारेत पायरीवर बसली होती.

"मारेत," तो म्हणाला, "माझ्या घरात तुझी खोली तयार आहे. तू माझ्याबरोबर राहायला ये."

"नको, पो," मारेत म्हणाली. पो हा आदराचा शब्द; ती चिडली की तिचा आदर वाढतो.

"ठीक आहे," तार्मो म्हणाला. त्याने नानायचा हात रीतीप्रमाणे स्वतःच्या कपाळाला लावला आणि तो गेला.

आम्ही तिघी फाटकाकडे बघत राहिलो.

"गेला?" नानाय म्हणाली.

"गेले."

"एकदाच विचारून? मी वांगी घेताना याहून जास्त वेळा विचारते. हा बाप आहे की वीजबिल टाकून जाणारा?"

"मला काही झालेलं नाही," मारेत म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. रात्री ती जेवली नाही. तार्मोचा फोन आला तेव्हा ती न्हाणीघरात होती, दुसऱ्या दिवशीही न्हाणीघरात होती. आमच्याकडे रुसलेल्या माणसाची मनधरणी करायची असते, आणि ज्याच्यामुळे रुसवा आला त्यानेच ती करायची असते. नानायने किंवा मी केली तर ती मोजली जात नाही.

सोमवारी तार्मो माझ्या शाळेत आला. मी नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवते. मुलं गेली होती आणि मी परीक्षानळ्या धूत होते.

"मारेतने नकार दिला," तो म्हणाला. "मी तिचा निर्णय मान्य केला. आता ती माझ्याशी बोलत नाही. कारण मला समजत नाही."

"कूया, तुमचं बोलणं भिंतीवर लावलेल्या सूचनेसारखं असतं."

त्याने यावर विचार केला. "सूचना स्पष्ट असते."

"हो."

"मग शिकवा," तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. "कृपया," तो म्हणाला.

अशी आमची शिकवणी सुरू झाली. रोज तो डोंगरावरून थेट प्रयोगशाळेत यायचा. मी त्याला सांगितलं की हे शब्द उत्प्रेरकासारखे असतात. समीकरणात ते कुठल्याच बाजूला दिसत नाहीत, पण नसले तर काही घडत नाही. त्याने मान डोलावली. हे सांगण्याचा काही उपयोग झाला नाही.

मग मी उदाहरणं घेतली. "नुसतं 'बसा' म्हटलं तर समोर खुर्ची आहे एवढंच कळतं. 'बसा मूना' म्हटलं तर बाकीचं सगळं नंतर, आधी टेका जरा, असं होतं."

"पण बाकीचं म्हणजे काय?"

"काहीही."

"आणि काहीच नसेल तर?"

"तरी नंतर."

'पाला' म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट आत्ता कळली, हे त्याला आवडलं. फार आवडलं. त्याच आठवड्यात शेजारचे अंबोकाका वारले. शवपेटी त्यांच्या बैठकीत ठेवली होती, बाजूला आमच्या रीतीप्रमाणे पत्त्यांचे डाव चालू होते. तार्मोने त्यांच्या मुलाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अरेच्चा, वडील वारले वाटतं तुमचे."

मुलगा म्हणाला, "हो." मग त्याने तार्मोला कॉफी दिली.

'दाव' म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेलं, म्हणे. तेही त्याने कामावर वापरून पाहिलं. साहेबाला त्याने कळवलं की वरच्या टोकाची चक्की बंद केली आहे, म्हणे. बंद त्यानेच केली होती. ती कोणी बंद केली हे शोधायला साहेबाने दोन माणसं डोंगरावर पाठवली. त्यांना तार्मो तिथे डबा खाताना सापडला.

पण हळूहळू त्याचा कान बसत गेला. कोपऱ्यावर आलिंग मामेंगचं, म्हणजे मामेंगमावशीचं दुकान आहे. ती त्याला इतके दिवस जाळीतून सामान द्यायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. एक दिवस त्याने तिला म्हटलं, "व्हिनेगर आहे का हो? छोटी बाटली असली तरी चालेल की." आलिंग मामेंगने बाटली दिली, नानायच्या गुडघ्याची चौकशी केली आणि तो दुसरं लग्न का करत नाही असं विचारलं.

"हे यश समजायचं का?" त्याने मला विचारलं.

"हो."

"मग आता मी मारेतला विचारतो. मी वाक्य तयार केलंय." त्याने ते म्हणून दाखवलं. वाक्य चांगलं होतं. सगळे शब्द आपापल्या जागी होते.

"आणि ती नको म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर ठीक आहे म्हणेन. मूना लावून."

मी परीक्षानळी खाली ठेवली. इतके दिवस मी त्याला चुकीच्या टोकाकडून शिकवत होते असं मला वाटलं.

"कूया, ती नको म्हणाली की पुन्हा विचारायचं."

"पण ती नको म्हणाली."

"हो."

"मग पुन्हा विचारणं म्हणजे तिचं न ऐकणं. आमच्याकडे असं दोनदा विचारणारा माणूस एकतर दारू प्यायलेला असतो किंवा काही विकत असतो."

"आमच्याकडे एकदाच विचारणाऱ्याला मनातून नको असतं. विचारायचं म्हणून तो विचारून जातो."

बाहेर शिपाई खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवत होता.

"म्हणजे तिला वाटलं की मला ती नको आहे."

"वाटलं असेल."

"किती वेळा विचारायचं?"

"मोजायचं नाही."

"पण कधीतरी नको म्हणजे नको असेलच. ते कसं ओळखायचं?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी डोळ्यांसमोर माणसं आणून पाहिली. आणखी भात नको म्हणणाऱ्या मावश्या, दाराशी उभं राहून आत येत नाही म्हणणारे पाहुणे, आणि एकदा घरातून निघून गेलेला आमचा एक मामा.

"ज्याला खरंच नको असतं तो निघून जातो," मी म्हटलं. "नको म्हणत तिथेच थांबला असेल तर विचारत राहायचं. तोंडाकडे लक्ष देऊ नका. पायांकडे बघा."

"पायांकडे," तो म्हणाला. एवढं त्याला एका दमात पटलं. मोजता येण्यासारखं काहीतरी त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

त्या शनिवारी त्याने फाटकाशी उभं राहून हाक दिली, "ताओ पो." माणूस आलाय, एवढाच तिचा अर्थ. एरवी तो फाटकाशी येऊन फोनवर संदेश पाठवायचा. मारेतने त्याला गल्लीच्या टोकाशीच पाहिलं होतं. ती आत होती, ती मुद्दाम बाहेर येऊन पायरीवर बसली आणि दुसरीकडे बघायला लागली. नानाय खिडकीत आली. मी कलमान्सीच्या, म्हणजे आमच्या छोट्या लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. त्याला सकाळीच घातलं होतं.

"मारेत, ये ना गं माझ्याकडे राहायला. सध्यापुरती तरी."

"नको, पो."

तार्मोने तिच्या पायांकडे पाहिलं. सपाता पायरीवर होत्या, हलल्या नाहीत.

"का बरं नको?"

"तुमचा भात टणक असतो."

"असतो खरा. पाण्याचा अंदाज चुकतो माझा. तू सांगशील का किती घालायचं?"

"एवढं पण येत नाही?"

"नाही ना."

मारेतने मान वळवली. "असं कधीपासून बोलायला लागलात? तिताने शिकवलं ना?"

तिता म्हणजे मावशी, म्हणजे मी. मी झाडाकडे बघत राहिले.

"हो," तार्मो म्हणाला. "रोज शाळा सुटल्यावर."

"म्हणजे हे तिताचं बोलणं. मग तुमचं काय आहे त्यात?"

हे वाक्य आम्ही तयार केलेलं नव्हतं. नानायने खिडकीतून मला खूण केली, सांग काहीतरी. मी सांगितलं नाही.

"मागच्या वेळी तू नको म्हणालीस," तो शेवटी म्हणाला. "मी घरी गेलो. मी जेवलो नाही. भूक होती." बारीक शब्द एकही नव्हता. "तुझ्या खोलीचा दिवा मी रोज लावतो. तिथे कोणी नाही. तरी लावतो."

मारेतने सपातेच्या टोकाने पायरीवरची मुंगी अडवली, मग जाऊ दिली.

"तिथे लोला नाही," ती म्हणाली. लोला म्हणजे आजी. आवाजातला आदर आता कमी झाला होता, म्हणजे चीडही.

"मग नानायही येऊ देत ना."

"मी?" नानाय खिडकीतून म्हणाली. "मला काय करायचंय तिकडे येऊन."

तार्मोने वर पाहिलं. खिडकीखाली भिंत होती, पाय दिसत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच विचारा म्हटलं.

"या ना, नानाय. शेगडी बघायला तरी या."

"शेगडीत काय बघायचंय? सगळ्यांकडे सारखीच असते."

"डावी बाजू पेटत नाही, म्हणे."

"म्हणे?"

"नाही. मीच पाहिलं."

"एवढ्या चक्क्या फिरवता आणि शेगडी पेटत नाही तुम्हाला."

"म्हणून तर म्हणतो, तुम्ही नजर टाका जरा."

"माझा गुडघा दुखतो."

"हळूहळू जाऊ की. नाहीतर ट्रायसिकल-रिक्षा बोलावतो."

"दोन गल्ल्यांसाठी ट्रायसिकल? लोक काय म्हणतील, म्हातारी चालेना झाली?"

मारेत एकदा खिडकीकडे, एकदा बापाकडे बघत होती. "मला विचारत होतात ना," ती म्हणाली. नानाय खिडक्यांना डासांची जाळी आहे का ते विचारत होती. तार्मो म्हणाला, आहे, पण एकीची फाटलीय, तीही तुम्ही बघाच.

"पापा. मला विचारत होतात."

"हो, आणि माळ्यावर पाली आहेत बऱ्याच," तार्मो नानायला सांगत होता.

मारेत उठली आणि आत गेली. लाकडी जमिनीवर सपाता वाजत गेल्या.

तार्मो वाक्याच्या मध्येच थांबला. पायरी रिकामी होती.

"लुवा," तो मला हळूच म्हणाला, "पाय गेले."

त्याचा अर्थ काय होतो हे मीच त्याला शिकवलं होतं. मी पाण्याचा डबा खाली ठेवला. आत कपाटाचं दार वाजलं, मग खण, मग पुन्हा दार.

मारेत बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर दप्तर होतं आणि काखेत उशी होती. भिंतीकडच्या बाजूची.

"आजच्यापुरतीच," ती म्हणाली. "भात कसा करतोस ते बघायला."

"बरं," तार्मो म्हणाला. मग त्याला आठवलं. "बरं तर."

"आणि लोलाला एवढं विचारायची गरज नव्हती. ती येणारच होती."

नानाय दारातून बाहेर आली. तिच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्या हातात खारवलेल्या अंड्यांचं भांडं. "शेगडी बघून परत येते," ती मला म्हणाली. भांड्यात अंडी चौघांना पुरतील एवढी होती.

तिघं फाटकाशी गेले. नानायचा गुडघा ठीक दिसत होता. मारेतने उशी बापाकडे दिली आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली, यंत्राचा भाग धरावा तशी. बाहेर पडल्यावर तो वळला.

"लुवा, तुम्हीपण या ना."

"मला पेपर तपासायचेत," मी म्हटलं.

ते खरं होतं. नववीचे पेपर होते, आम्ल आणि अल्कली. टेबलावर गठ्ठा होता, टेबल माझ्या खोलीत होतं, आणि खोलीत जायला मला नुसतं मागे वळायचं होतं.

तार्मोने मान डोलावली. तो उशी सांभाळत फाटकाची कडी लावायला लागला. कडी जुनी आहे, अडकते. ती लावता लावता त्याची नजर खाली गेली, फाटकाच्या गजांमधून, झाडाजवळच्या ओल्या मातीत उभ्या असलेल्या माझ्या पायांकडे.

त्याने कडी पुन्हा काढली.