इंजिनावरची भाकरी

मी एक इंजिन बोलतोय. सहा सिलिंडर, सगळे एका ओळीत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे. मला लिहितावाचता येत नाही. अंगावर जन्माचे आकडे होते, तेही एका माणसाने घासून टाकले. तेव्हा आठवेल तसं सांगतो, सावकाश. घाई मला कधी जमली नाही.

माझी उमेदीची वर्षं गेली ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीकडच्या रस्त्यांवर, मेंढ्यांच्या ट्रकमध्ये. मेंढी गाडीत चढली की पहिलं काम काय करते, ते इथे सांगत नाही. पण तो वास वीस वर्षं माझ्या सोबतीला होता. माझ्या धुराच्या नळ्यांमध्ये एक खोबण आहे. ड्रायव्हर तिच्यात मटण भरलेली कणकेची पेटी, तिला ‘मीट पाय’ म्हणतात, ठेवायचा. साठ मैलांवर ती बरोबर गरम व्हायची. तेवढंच काय ते माझं कौतुक.

ट्रक मोडला. मी एका शेडमध्ये कोंबड्यांखाली बरीच वर्षं काढली. मग एक दाढीवाला आला. जुन्या मोटारीचं छत कापायचं, बॉनेट काढायचं आणि इंजिन उघडं ठेवून गावभर मिरवायचं, याला हॉट रॉड म्हणतात. लाज झाकायला जागाच नाही. दाढीवाल्याने मला तसल्या गाडीत बसवलं, लाल रंग फासला, आकडे घासले, ‘रेसिंग’ची पट्टी चिकटवली आणि जाहिरात दिली: ‘रेसिंग इंजिन’.

खरं सांगू? बरं वाटलं. मेंढ्यांचं कुणाला कळणार होतं?

मला घेतलं क्रेगीबर्नच्या शैलेंद्रने. मूळचा पुण्याचा, काम कॉम्प्युटरचं. कोरोनाचं लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, आणि या माणसाने फोनवर बोट दाबून रेसची गाडी घेतली! घेतली ती घेतली, पाणी न बघता चालवली. माझ्या डोक्याखाली गॅस्केट नावाची पातळ गादी असते, ती जळली. ती जळली की तेल-पाणी एक होतं आणि इंजिनाची कढी होते.

नवी गादी मागवायची तर इंजिनाचं नाव लागतं. नाव कुणाला माहीत? शैलेंद्र रोज सकाळी मला पाच मिनिटं चालवायचा आणि आवाज रेकॉर्ड करून जाणकारांना पाठवायचा. एक म्हणाला, बोटीचं आहे. दुसरा म्हणाला, विमानाचं. शेजारचा ट्रेव्हर, जो सगळ्यांनाच ‘मेट’, म्हणजे दोस्त, म्हणतो, कुंपणावरून ओरडला, “रेसिंग, मेट! नो डाउट!”

पोस्टाने दीड महिन्याने पहिली गादी आली. ती माझ्यापेक्षा हातभर लांब. दुसरी इतकी लहान, की शैलेंद्रच्या बायकोने, वीणाने, तिच्यावर कुकर ठेवला.

“शैलू, ऐक,” ती म्हणाली. “दिवाळीच्या आत याचं नाव कळलं नाही, तर भंगारवाल्याला मी फोन करणार. गॅरेज मला हवंय.”

माझे सगळे नटबोल्ट सैल झाले.

वीणाचे वडील मुरलीधर दोन महिन्यांसाठी आले होते, ते विमानं बंद झाल्याने अडकले. रोज उपड्या बादलीवर बसून माझ्याकडे बघायचे. बघायचे आणि मान फिरवायचे.

वसुबारसेच्या सकाळी शैलेंद्रने मला शेवटचं चालवलं. तो रडकुंडीला आला होता. मुरलीधर भाकरी-ठेचा घेऊन बादलीवर बसले होते. त्यांचं लक्ष जावयाच्या तोंडाकडे. भाकरी गार झालेली. त्यांनी ती चांदीच्या कागदात गुंडाळली आणि न बघता हात लांब केला. तो हात नेमका त्या खोबणीत गेला. चाचपला नाही, भाजला नाही.

पन्नास वर्षांनी मला कुणीतरी ओळखीचा हात लावला होता.

शैलेंद्र बघतच राहिला. “बाबा, ही जागा तुम्हाला कशी ठाऊक?”

दारात वीणा उभी होती. ती घाईने म्हणाली, “अरे, बाबांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता ना, त्यामुळे...”

मुरलीधर तिच्याकडे बघून हसले. “राहू दे, पोरी. अकरा वर्षं झाली, आता तो बिझनेस बंद करू.” मग जावयाला म्हणाले, “शैलेंद्रराव, हे बेडफर्ड ट्रकचं इंजिन आहे. पेट्रोलवरचं. मी आधी क्लीनर होतो, मग बावीस वर्षं ड्रायव्हर. नारायणगावचा टोमॅटो वाहिला. जेवण याच खोबणीत.”

“मग लग्नात आईने विचारलं तेव्हा?”

“तुमच्या आईंनी विचारलं, गाड्या किती? मी म्हटलं, एक. खोटं नव्हतं. मालकाची होती, एवढंच सांगायचं राहिलं.”

वीणाने मान खाली घातली. शैलेंद्र हसू लागला, तो खाली बसेपर्यंत. “आणि हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मी दोन गाद्या मागवल्या, बाबा!”

“तुम्ही रेसिंग रेसिंग म्हणत होतात. तुमचाही मान, माझाही मान. म्हटलं, दोघांचा झाकलेला बरा.”

तेवढ्यात कुंपणावरून ट्रेव्हरचं नाक आलं. “कसला छान वास येतोय, मेट?”

भाकरी अर्धी त्याला गेली. चौकशी केली तर बरोबर मापाची गादी आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याच्या शेडमध्ये निघाली. दिवाळीच्या पाडव्याला मी सुरू झालो. मुरलीधरांकडे इथलं लायसन नाही, म्हणून त्यांनी मला गॅरेजपासून फाटकाजवळच्या पत्रपेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. वीणा शेजारी बसली होती, क्लीनरच्या जागी.

आता रंग तोच आहे, पण ‘रेसिंग’ची पट्टी काढली. माझं एवढंच मागणं: म्हाताऱ्याला, इंजिन असो की माणूस, जुना वास येत असेल, तर येऊ द्या. रंग फासू नका.

परवा कुणीतरी विचारलं, कसलं इंजिन? शैलेंद्र छाती काढून म्हणाला, “ट्रकचं. माझे सासरे हेच चालवायचे.”

यातलं निम्मं खोटं आहे; ते चालवायचे ते माझं भावंड. तेवढं चालवून घ्या.