घरचं ताट

"मालक, हात धुवा आता. लोकं कवाचे बसून राहिले," बंडूने स्वयंपाकघराच्या दारातून हाक दिली.

कमलाकांत मालक नव्हता. पण अकोल्यात त्याला सगळे मालकच म्हणत. सुरुवातीची काही वर्षं तो प्रत्येकाला सांगत असे, "मी मालक नाही हो, पगारी माणूस आहे." लोकांना तो विनय वाटे आणि ते आणखीच आदराने बोलत. शेवटी त्याने नाद सोडला.

तो बेसिनपाशी गेला. सावकाश हात धुतले, पंच्याला पुसले आणि दाराजवळच्या टेबलाशी, गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसला. मे महिना होता. कूलर घरघरत होता, पण त्यातून येणारी हवाही गरमच होती. समोरच्या टेबलांवर लोक रिकामी ताटं पुढ्यात घेऊन बसले होते. अगदी जवळच्या टेबलावर नबीभाई होते. रस्त्यापलीकडे त्यांचा गाद्यांचा कारखाना होता. बाह्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत, ते जेवायला बसण्याआधी एकेक करून काढायची त्यांची सवय होती.

"कमलभाऊ, आज काहून इतका थाट?" नबीभाईंनी विचारलं. "फोटो काढून राहिले का तुमचा? या वयात पोरगी पाहायले चालले काय?"

लोक हसले. कमलाकांतही हसला, पण त्याचे कान तापले. आज खरंच त्याच्या टेबलासमोर तिपाईवर कॅमेरा लावला होता. कॅमेऱ्यामागे इशिता नावाची मुलगी उभी होती, नागपूरच्या कंपनीकडून आलेली. काउंटरपाशी तिचे साहेब होते आणि त्यांच्याशेजारी कमलाकांतचा पुतण्या अद्वैत, आता धंदा तोच बघे. अद्वैतचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

सकाळीच अद्वैतने त्याला बाजूला घेतलं होतं. "काका, ही शेवटची शाखा राहिली आहे. हे लोक आपल्या 'गृहस्थ' भोजनालयाचं नाव विकत घ्यायला तयार आहेत. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीय? तुमचं ताट. ते म्हणाले, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी चालू ठेवू. बंडू, बाकीची माणसं, तुम्ही, सगळे राहाल. तुम्ही फक्त नेहमीसारखं जेवा. बाकीचं मी बोलतो."

नेहमीसारखं जेवणं हेच तर कमलाकांतचं काम होतं. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

*

पहिलं 'गृहस्थ' अमरावतीत निघालं ते कमलाकांतच्या प्रमोदिनीआत्याच्या यजमानांनी, काकासाहेब कोरान्ने यांनी काढलेलं. साधं भोजनालय. वरण-भात, दोन भाज्या, पोळी, ताक. काकासाहेबांचा नियम एकच होता. दुपारचं पहिलं ताट घरच्या माणसाने जेवायचं, तेही सगळ्यांच्या समोर, त्याच पातेल्यातलं. त्याने चार घास खाऊन मान हलवली की मग पंगत वाढायची. घरचा माणूस ताटावरून उठला, तर तो पदार्थ त्या दिवशी कोणालाही वाढायचा नाही.

लोकांना ते आवडलं. परगावचा माणूस भोजनालयात जेवायला बसतो तेव्हा त्याच्या मनात एक धाकधूक असतेच. इथे तर मालक स्वतः समोर बसून जेवतो आहे. बघता बघता बडनेऱ्याला स्टेशनजवळ दुसरं गृहस्थ निघालं आणि तिथे मोठा मुलगा केदार बसला. परतवाड्यात, मेळघाटच्या जीपा भरतात तिथे तिसरं निघालं, तिथे काकासाहेबांचे भाऊ. चांदूर बाजारला जावई. शाखा वाढत गेल्या आणि घरातली माणसं संपली. अकोल्याची जागा ठरली तेव्हा ताटावर बसायला कोणी उरलं नव्हतं.

"आपल्या कमलला पाठवा," आत्या म्हणाली.

"त्याला काय येतं?" काकासाहेबांनी विचारलं.

"जेवता येतं की. माझ्या भावाचा मुलगा आहे, म्हणजे घरचाच झाला."

कमलाकांत तेव्हा पदवीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसलेला होता. हाडकुळा, लाजरा. चारचौघांत बोलताना त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पहिल्या दिवशी अकोल्यात सगळं हॉटेल त्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि त्याला घास गिळता येईना. त्याने डोळे ताटात घातले आणि कसाबसा घास उतरवला. तेव्हा त्याच्या जिभेला कळलं की वरणातली डाळ कचकच लागते आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात ती शिजलीच नव्हती.

तो उठला. का उठला हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. एवढा भित्रा माणूस, नोकरीचा पहिला दिवस, पण गप्प बसून खाणं त्याला जमलं नाही. आचाऱ्याने त्याला शिव्या घातल्या. संध्याकाळच्या गाडीने काकासाहेब आले, उभ्या उभ्या ते वरण चाखलं आणि पातेलं मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवसापासून डाळीसाठी गोड्या पाण्याचा टँकर येऊ लागला. अकोल्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मग वकील यायला लागले, मास्तर यायला लागले, कापूस बाजारातले दलाल, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले खेड्यातले लोक. अकोल्याचं गृहस्थ सगळ्या शाखांत मोठं झालं.

खायची नोकरी म्हणून लोक त्याची थट्टा करत. नबीभाई तर रोजच. "इतके वर्सं खाऊन राहिले, पण अंगाले काही लागत नाही. कोरान्न्यायचा पैसा पान्यात गेला." त्याच्या बायकोची, मायाची, वेगळीच तक्रार होती. सोमवारी हॉटेल बंद असे. त्या दिवशी घरी जेवतानाही तो पहिला घास घेऊन थांबायचा, विचार करायचा. माया म्हणायची, "अहो, इथं कोणी बघत नाही. पोटभर जेवा."

उतरण कधी लागली हे नेमकं कोणालाच सांगता आलं नसतं. कोणी बायपासचं नाव घेई, कोणी मोबाइलवरून जेवण मागवण्याचं, कोणी लॉकडाउनचं. कमलाकांतला मात्र एक वेगळी गोष्ट दिसत होती, पण ती कोणाला सांगायचा धीर त्याला झाला नाही. केदारला साखरेचा त्रास सुरू झाला आणि तो घरून डबा आणू लागला. परतवाड्याला बसणारे काकासाहेबांचे भाऊ थकले, त्यांची मुलं पुण्याला गेली आणि परतवाड्याच्या टेबलावर माणसाऐवजी काकासाहेबांचा हार घातलेला फोटो आला. जावई तर काउंटरवर बसून मागवलेला पिझ्झा खायचा. गिऱ्हाइकांनी कुठेच तक्रार केली नाही. ती फक्त यायची बंद झाली. एकेक करून शाखांची शटरं उतरली.

केदारचा मुलगा अद्वैत पुण्याची चांगली नोकरी सोडून आला, तो हे सावरायलाच. पोरगा कष्टाळू होता, काकाला मान देणारा होता. त्याने बडनेऱ्याला मोठं स्वयंपाकघर काढलं. तिथे वरण-भाज्या शिजवून पिशव्यांत भरायच्या, गाडीने पाठवायच्या, इकडे फक्त गरम करायच्या. "चव कुठेही बदलणार नाही, काका," तो म्हणाला होता. चव बदलली नव्हती, हे खरं होतं. ती कशाचीच नव्हती. पण ताटावरून उठावं असंही त्यात काही नव्हतं. म्हणून कमलाकांत रोज जेवत होता आणि मान हलवत होता.

*

बंडूने ताट पुढ्यात ठेवलं. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लागला.

"सर, तुम्ही अगदी नॅचरल राहा," इशिता म्हणाली. "घास घ्या, आणि मग ती मान हलवता ना, तशी हलवा."

कमलाकांतने भातावर वरण कालवलं. बोटांनाच ते जरा बुळबुळीत लागलं. घास तोंडात घातला आणि त्याचा जबडा थांबला.

वरण उतरलं होतं. फार नाही. मागाहून लागणारी किंचित आंबूस चव. सकाळी गाडी वाटेत पंक्चर होऊन उन्हात उभी होती, हे बंडू मघाशी बोललाच होता. वर लिंबू पिळलं तर कोणाला कळणारही नाही, असं ते वरण होतं.

त्याने मान वर केली. अद्वैत त्याच्याकडे बघत होता. त्याचे ओठ किंचित उघडे होते, लहानपणी आत्याच्या कडेवर असताना असायचे तसेच. पलीकडे कंपनीचे साहेब हसतमुख उभे होते. दारात बंडू, मान हलण्याची वाट बघत. ती हलली की तो ओरडणार होता, "वाढा रे!" तो आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

आणि समोर नबीभाई होते. त्यांनी बाह्या दुमडून घेतल्या होत्या. बायको, आयशाबी, गेल्यापासून ते रोज इथेच जेवत. त्यांचे डोळे कमलाकांतच्या चेहऱ्यावर नव्हतेच, ते त्याच्या गळ्याकडे होते. घास खाली उतरला का, एवढंच ते बघत.

कमलाकांतने घास गिळला नाही. तो उठला, बेसिनपाशी गेला, तोंडातला घास टाकला आणि चूळ भरली.

"सर, काय झालं?" इशिता धावत आली. "पुन्हा घेऊ या का? अहो, नुसतं खाल्ल्यासारखं करा. आवाज नंतर टाकता येतो आम्हाला."

"ताई, तुमच्या कॅमेऱ्याला चालेल," तो म्हणाला. "पण ते बसलेत ना समोर, ते खरंच खाणार आहेत."

मग तो गिऱ्हाइकांकडे वळला. एवढ्या वर्षांत तो त्या सगळ्यांशी एकदम कधी बोलला नव्हता. त्याचा आवाज मात्र आज अडखळला नाही. "वरण उतरलंय. आज वरण नाही. ज्यांना घाई नाही त्यांनी थोडं थांबा, आत पिठलं टाकतो. बंडू, कांदे चिरायला घे."

"मले कोठी जा लागते?" नबीभाई म्हणाले. "टाका पिठलं. मिरची जरा जास्तच टाका."

एक-दोघे उठले, बाकीचे बसून राहिले.

अद्वैत त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काका, एक घास! फक्त एक घास घ्यायचा होता तुम्हाला!"

"मी घेतला असता रे. त्याने मी काही मरत नव्हतो." कमलाकांतने बेसनाचा डबा खाली काढला. "पण माझ्यामागून सगळे घेतात."

"हे लोक आता परत येणार नाहीत. कळतंय का तुम्हाला? ही शाखाही जाईल. तुमचं ताटही जाईल."

"कळतंय."

अद्वैतने पातेल्यातलं चमचाभर वरण तोंडात घातलं. मग मोरीपाशी जाऊन थुंकला आणि तिथेच, भिंतीला हात टेकून, बराच वेळ राहिला. बाहेर कंपनीची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी तो बाहेर गेला नाही.

पिठलं झालं. कमलाकांतने दुसरं ताट मांडायला सांगितलं, पण स्वतः बसला नाही. खुर्ची ओढून अद्वैतकडे बघत राहिला. अद्वैत गोंधळला. मग हात धुऊन आला आणि गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसला, आयुष्यात पहिल्यांदाच. पिठल्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची खरंच जास्त होती. त्याने मान हलवली.

"वाढा रे!" बंडू ओरडला.

*

कंपनीचा फोन आला नाही. पावसाळ्याआधीच अकोल्याची पाटी उतरवली. बंडूला अद्वैतने स्वतः खटपट करून एका मंगल कार्यालयात लावून दिलं. कमलाकांत घरी बसला.

पहिल्या दिवशी दुपारी त्याने नेहमीच्या वेळेला हात धुतले आणि मग काय करावं ते न सुचून तसाच उभा राहिला. तेवढ्यात फाटक वाजलं.

नबीभाई होते. बाह्यांवरचे कापसाचे तंतू काढत ओट्यावर आले. "वैनी, मी जेवाले आलो," त्यांनी बाहेरूनच मायाला सांगितलं. "सून म्हणे, घरीच जेवत जा. जेवीन म्हटलं, पन एकदम कसं जमन? आज इथं येतो, मग पाहू."

"या की, बसा. काही वेगळं केलेलं नाही हं," माया म्हणाली.

तिने ओट्यावरच टेबल ओढून दोन ताटं मांडली. कमलाकांत घरच्या सवयीने भिंतीकडे तोंड करून बसायला लागला, तर मायाने त्याची खुर्ची फिरवली, नबीभाईंच्या समोर. तिने आधी एकाच ताटात वाढलं. भात, त्यावर वरण, वर तुपाची धार.

कमलाकांतने घास घेतला. नबीभाई त्याच्या गळ्याकडे बघत होते. घास उतरला. त्याने मान हलवली.

दोघेही क्षणभर थांबले. ओट्यावर कुठूनही आवाज आला नाही. मग नबीभाईंनीच घसा साफ केला आणि हळू आवाजात म्हटलं, "वाढा, वैनी."