दिल्लीला न गेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी संत्र्याची पेटी आहे. ज्या वर्षाने माझं आयुष्य पालटलं, ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी.

पेटीचं आयुष्य केवढं असतं, ठाऊक आहे? हलक्या फळ्या ठोकायच्या, आत वाळलं गवत अंथरून संत्री भरायची आणि पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडीत चढवायची. दिल्लीला पोचली की फळं बाजारात आणि पेटी चुलीत. एक प्रवास, बस्स. माझ्या नशिबी तोही नव्हता.

आदल्या हंगामात तिगावजवळच्या एका बागेत चिंधू सुताराने मला ठोकलं. फळ्या संपल्या होत्या, म्हणून त्याने मोडक्या बैलगाडीच्या सागवानी फळ्या लावल्या. व्यापाऱ्याच्या माणसाने मला उचललं आणि लगेच खाली आपटलं.

"हे पेटी हाय का कोठी बे? रिकामीच इतकी जड, भरल्यावर कोन उचलन?"

माझ्या सोबतिणी गाडीत बसून गेल्या. मी विहिरीजवळ पालथी पडून राहिले. माझ्यावर कोंबड्या बसत. दुपारी आगगाडीची शिट्टी ऐकू आली की वाटे, आपण कोणाच्याच कामाच्या नाही.

बाग पंचफुलाबाईंची होती. यजमान गेल्यावरही त्या शेतातल्या घरात एकट्या राहत. झाडं लहान होती तेव्हा डोक्यावरून पाणी वाहून त्यांनी ती जगवली होती. मुलगा मोरेश्वर पांढुर्ण्याला सरकारी नोकरीत, सून उर्मिला तिथेच शाळेत शिक्षिका.

त्या उन्हाळ्यात विहिरीच्या काठी शेवाळावरून पाय घसरून पंचफुलाबाई पडल्या. मनगट मोडलं. नागपूरला नेऊन प्लास्टर घातलं. मोरेश्वरने माया केली हो, पण फार केली. घरकामाला अंबाबाई ठेवली. पाणी हातात, ताट हातात, काठीसुद्धा हातात. मोडलेला हात बरा झाला. पाय मोडले नव्हते, ते मात्र बसून बसून गेले.

मग पोळा आला. सजवलेले बैल दारात उभे राहिले. पंचफुलाबाईंनी खाली बसून त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि उठायला गेल्या, तर उठवेना! मोरेश्वर आणि अंबाबाईने दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं. भरल्या दारात त्यांनी मान खाली घातली.

बैल गेल्यावर मोरेश्वर म्हणाला, "माय, आता पुरे झालं. हे घर बंद करतो अन् तुले पांढुर्ण्याले नेतो. तिथं पलंगावर बसून राय."

"बसून बसूनच तं हे झालं ना रे! मी का लोनच्याची बरनी हाओ, झाकून ठेवाले?"

"अन् पुन्हा पडली तं?"

तीच भीती पंचफुलाबाईंच्याही मनात होती. तरी त्या म्हणाल्या, "हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री उतरेपर्यंत थांब. विहिरीपासून बागेच्या टोकापर्यंत मी धुऱ्यावरून एकटी चालून दाखवीन, काठी न घेता. नाई जमलं तं मुकाट्यानं तुह्यासंग येईन."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला अरुंद बांध. मोरेश्वर हसला. उर्मिला हसली नाही.

"आई, नागपूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, हात बरा झाला की पायांना कामाला लावा. मी तो व्यायाम नीट पाहून घेतला होता. आपणच ऐकलं नाही. पण त्याला एक पक्की पायरी पाहिजे."

तिची नजर अंगणभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

मला धुऊन ओसरीत भिंतीशी टेकवून ठेवलं. रविवारी उर्मिला येई, इतर दिवशी अंबाबाई शेजारी उभी राही. पंचफुलाबाई माझ्यावर बसायच्या आणि हात न टेकता उठू पाहायच्या. अर्ध्यावर जाऊन धप्पकन परत! मग भिंत धरून एका पायावर उभं राहायचं. अंगणात राखेची रेघ ओढून तिच्यावर पावलापुढे पाऊल लावत चालायचं. आणि भिंतीला हात ठेवून माझ्यावर चढायचं, उतरायचं.

शेजारच्या शेतातली प्रेमलता कुंपणावरून ओरडली, "काहो पंचफुलाबाई, म्हातारपनी शाळंत नाव घातलं का?"

"घातलं ना! तू बी ये. तुले तं बाजेवरून उठाले दोन मानसं लागतेत!"

दिवाळीच्या सुमारास त्या मला न धरता उठू लागल्या. पण एका सकाळी त्या माझ्यावर चढत असताना मी एका बाजूला कलले, कारण ओसरीची जमीन उखणली होती. त्यांचा पाय सुटला आणि त्या खाली बसल्या. लागलं नाही, पण चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. कोंबड्या पुन्हा येऊन बसल्या. मित्रांनो, गाडी गेली त्या दिवसापेक्षाही मला तो दिवस जड गेला.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या. कोंबड्या हाकलल्या आणि माझ्या फळीवर पायाने थाप मारली. "काव, मले पाडतं का? मी बरी पडीन!" अंबाबाईकडून जमीन चोपून सपाट करून घेतली, मला हलवून पाहिलं आणि पुन्हा चढल्या.

संत्री उतरली. पेट्या गाडीत गेल्या. ठरल्या दिवशी मला धुऱ्याच्या टोकावर नेऊन ठेवलं, पोचल्यावर बसायला. पंचफुलाबाईंनी काठी विहिरीला टेकवली आणि निघाल्या. मोरेश्वर खालून, दोन्ही हात पुढे करून, सोबत चालत होता.

"तू समोर पाह्य ना रे बाबू, माह्याकडं काहून पाहून राहिला?"

अर्ध्या वाटेवर मातीचं ढेकूळ फुटलं. त्यांचा पाय घसरला. हात पसरले, दुसरं पाऊल पटकन पुढे पडलं, आणि त्या उभ्याच राहिल्या! मोरेश्वर मात्र त्यांना धरायला झेपावला, त्याची चप्पल पाण्याच्या पाटात रुतली आणि तो चिखलात आडवा झाला.

"लागलं का रे?"

"पाय मुरगळला वाटते, माय."

"दम धर. आधी मले टोक गाठू दे, मंग तुले उठवीन."

त्या टोकापर्यंत आल्या, पाऊल माझ्यावर ठेवलं, आणि धुऱ्यावरूनच परत गेल्या. त्याला हात देत म्हणाल्या, "हळू ऊठ, घाई करू नको. आता सांग, कोन कोनाले नेते पांढुर्ण्याले?"

चिखलाने माखलेला मोरेश्वर हसत सुटला. घर बंद करायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

पुढे पंचफुलाबाई अनेक वर्षं त्याच घरात राहिल्या आणि दर पोळ्याला बैलांचे पाय धुऊन आपल्या आपण उठल्या. एका हिवाळ्यात, संत्री उतरल्यावर, त्या शांतपणे गेल्या. चिंधू सुतार शेवटपर्यंत लोकांना सांगे की, जड फळ्या त्याने मुद्दाम लावल्या होत्या. प्रेमलता कुंपण ओलांडून व्यायामाला आलीच. पुढे आपली बाज ती स्वतःच उचलून ठेवू लागली. अंबाबाई मुलीकडे सौंसरला गेली. मोरेश्वर नोकरीतून मोकळा होऊन बागेत राहायला आला.

माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. परवा एक जण म्हणाला, फोडून चुलीत घाला. तेव्हा केस पांढरे झालेली उर्मिला म्हणाली, "अजून नाही." तिने कोपऱ्याला नवी फळी ठोकून घेतली, मला हलवून पाहिलं आणि भिंतीला हात लावून माझ्यावर चढली.

मित्रांनो, तुमच्या घरी आजी-आजोबा असतील. त्यांच्यावर माया करा, पण सगळंच हातात देऊन त्यांना बसवून ठेवू नका. ओली फरशी पुसा, वाटेतल्या वस्तू उचला, ते उठताना जवळ उभे राहा. आणि उठू मात्र त्यांचं त्यांना द्या.