कुलगुरूंच्या घरी शिष्टमंडळ

जालिंदर खैरनार दार अल-इशारा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, ही बातमी त्याने कुनाफा या अरबी मिठाईच्या डब्यासकटच घरी आणली. शोभाने डबा आधी देवापुढे ठेवला, मग नाशिकला सासूबाईंना फोन लावला. सिन्नरजवळच्या कंपाउंडरचा मुलगा दोह्यात कुलगुरू! सासूबाई रडल्या, हसल्या आणि मग म्हणाल्या, "गाडी देतील का गं?"

विद्यापीठ कर्णबधिर मुलामुलींचं होतं. जालिंदर तिथे बरीच वर्षं कुलसचिव होता. परवाने, व्हिसा, मंत्रालयातल्या खेपा, सगळं तोच बघायचा. त्याची मुलगी गार्गी जन्मापासून बहिरी. ती तिथेच तिसऱ्या वर्षाला होती.

गार्गी घरी आली तेव्हा तिला बातमी आधीच कळलेली होती. ती पप्पांच्या गळ्यात पडली, कुनाफ्याचा भलामोठा तुकडा खाल्ला, बोटं पुसली आणि हातांनी म्हणाली, "मुलगी म्हणून अभिनंदन. विद्यार्थिनी म्हणून मी विरोधात आहे."

जालिंदरला पहिलं वाक्य कळलं. दुसऱ्यासाठी त्याने शोभाकडे पाहिलं. तिने सांगितलं.

"विरोधात म्हणजे?"

"म्हणजे उद्या दुपारी शिष्टमंडळ येतंय, तुम्ही पद घेऊ नका असं सांगायला." मग गार्गी आईकडे वळली. "आई, साबुदाणा वडे करशील?"

"माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याविरुद्ध, आणि वडेही मीच तळायचे?" शोभाचे हात रागाने भरभर चालले. तरी तिने साबुदाणा भिजत घातलाच.

विद्यापीठात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की कुलगुरू होणार त्या डॉ. तय्यबा परकार. मूळच्या रत्नागिरीच्या, भाषा विभागाच्या प्रमुख आणि स्वतः बहिऱ्या. पण नियामक मंडळाने ठरवलं, ज्यांना फोनवर बोलता येत नाही, त्या बाई मंत्रालयाशी काय बोलणार? विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक, सगळेच अस्वस्थ झाले होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अल अझीझियातल्या खैरनारांच्या फ्लॅटची बेल दाबली गेली आणि गार्गीला कळावं म्हणून लावलेले दिवे घरभर लुकलुकले. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसली आणि बघता बघता सगळीकडे हातच हात. कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. जालिंदर सोफ्याच्या कोपऱ्यात बसून नुसता बघत होता.

त्याने गार्गीपुढे मोबाइल धरला. "लिहून सांग ना मला, काय म्हणतायत?"

"आज मी दुभाषी नाही," गार्गीने लिहिलं. "आज मी त्यांच्या बाजूला आहे."

मग शोभाच पदर खोचून मध्ये बसली. गार्गी लहान असताना ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका बाईंकडे जाऊन ती ही खुणांची भाषा शिकली होती. जालिंदरचं मात्र 'जेवलीस का', 'गाडीत बस', 'शाब्बास' एवढ्यावर भागत आलं होतं. बाकीचं शोभा सांगायची.

विद्यार्थ्यांची प्रतिनिधी हनिया पुढे आली. "सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही. माझा व्हिसा अडकला तेव्हा तुम्हीच धावपळ केलीत. पण माझे अब्बा गेले तेव्हा मी तय्यबा मॅडमच्या खोलीत जाऊन रडले. आमच्या दोघींमध्ये तिसरं कुणी नव्हतं. तुमच्याकडे आले असते, तर आधी दुभाषा शोधावा लागला असता."

सांगताना शोभाने एकही शब्द मऊ केला नाही.

"आणि मंत्रालय?" जालिंदरने विचारलं.

यावर काशिफ उठला. तो विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, आता मुशैरिबमध्ये इंजिनिअर. "मी फोनवर बोलत नाही, तरी माझं ऑफिस रोज चालतंच की, सर. मॅडम निर्णय घेतील, फोन तुम्ही करा. तुम्हाला ते फार छान जमतं!"

हॉलभर हशा पिकला. शोभाने सांगितल्यावर जालिंदरही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. ते त्याला लागलं. आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या गमतीजमतींवर तो इतकी वर्षं असाच मागाहून हसत आला होता.

तो स्वयंपाकघरात गेला. मागोमाग शोभा आली.

"मला हवं होतं गं हे पद."

"माहितीये मला."

"आईला काय सांगू?"

"सांगा, गाडी नाही मिळत म्हणून," शोभा म्हणाली आणि वड्यांचं ताट त्याच्या हातात दिलं. "घ्या, वाढा त्यांना."

ताट घेऊन तो बाहेर गेला आणि सगळ्यांना म्हणाला, "रविवारी मी अध्यक्षांना नाही म्हणून सांगतो."

पण मंडळाचे अध्यक्ष अबू नासर ऐकेनात. "तू नको तर ऐकू येणारा दुसरा कुणीतरी. खलास!"

जालिंदर हिरमुसला. काशिफने मात्र विचारलं, "त्यांच्या मजलिसचा वार कुठला?"

सोमवार. अबू नासरच्या घरची बैठक तेव्हा सगळ्यांना खुली असे. काशिफ आणि त्याचे मित्र तिथे जाऊन बसले, गार्गी आणि हनिया आत बायकांच्या दिवाणखान्यात. कहावा, म्हणजे तिथली कॉफी, आली. कप किंचित हलवला की 'पुरे' असा तिथला रिवाज. हलवेपर्यंत वाढणारा ओततच राहतो. काशिफ काही कप हलवेना. अबू नासर बघत राहिले आणि शेवटी त्यांनीच हसून आपला कप हलवून दाखवला. काशिफने छातीवर हात ठेवून मान हलवली: इतक्यात नाही! सगळी मजलिस हसली आणि हे सांगायला दुभाषा लागला नाही.

पुढच्या सोमवारी ते पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. अध्यक्षांनी या मुलांना आजवर नुसतं व्यासपीठावरून पाहिलं होतं. आता ते मुलांशेजारी बसून मोबाइलवर लिहून वाद घालू लागले. आत त्यांच्या बायकोने, उम्म नासरने, गार्गीकडून खुणा शिकायचा सपाटाच लावला. शेवटी तिनेच नवऱ्याला विचारलं, "त्या बाईंना एकदा भेटलात तरी का?"

मंडळाने डॉ. तय्यबांना बोलावलं. त्यांनी दुभाष्यामार्फत मंडळाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि उलट इतके प्रश्न विचारले की बैठक जेवणाची वेळ उलटून गेली तरी संपेना. बाहेर येऊन अबू नासर जालिंदरला म्हणाले, "ही बाई माझ्यापेक्षा हट्टी आहे. मबरूक, अभिनंदन!"

सभागृहात डॉ. तय्यबांचं नाव जाहीर झालं तेव्हा शेकडो हात वर उठून टाळ्यांच्या खुणेने थरथरले. सगळ्यांच्या पुढे गार्गीचे होते.

संध्याकाळी सगळे अस्पायर पार्कच्या हिरवळीवर जमले. जालिंदर आता नव्या विद्यार्थ्यांबरोबर रोज खुणांच्या भाषेच्या वर्गाला बसू लागला होता. तो डॉ. तय्यबांसमोर उभा राहिला आणि शोभाकडे न बघता त्याने स्वतःच्या हातांनी छोटं भाषण केलं. तय्यबा मॅडम आधी गंभीर झाल्या, मग हसून हसून खालीच बसल्या.

"काय झालं?" जालिंदर घाबरला. "मी 'तुमच्या हाताखाली काम करायला आनंद होईल' म्हणालो ना?"

"तुम्ही म्हणालात, 'तुमच्या हाताखाली झोपायला आनंद होईल,'" गार्गी म्हणाली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने पप्पांची बोटं धरून नीट वळवली. जालिंदरने पुन्हा करून दाखवलं. या वेळी बरोबर आलं.

"आता हनियाला तुमच्या गावच्या बैलाचा किस्सा सांगा," गार्गी म्हणाली. "आईमार्फत नको. तुम्हीच."

जालिंदरने बाह्या सरसावल्या आणि सुरुवात केली.