झुंबरबाईची राखून ठेवलेली साक्ष

मुंजाजीच्या सहा एकराची गाडीवाट शेजारच्या दिनकररावाच्या रानातून जायची. ती त्यानं बाभळीचे काटे टाकून बंद केली, आणि मुंजाजीचा कापूस डोक्यावरून घरी यायला लागला. मुंजाजी कोर्टात गेला.

चांगला बैल बारक्या बाजारात दाखवायचा नाही, ही मुंजाजीची रीत. दावाही त्यानं तसाच चालवला. ऐंशीच्या पुढची झुंबरबाई लग्नात त्याच वाटेनं गाडीत बसून आली होती. गावात याहून पक्की साक्ष नव्हती. म्हणून तालुक्याच्या कोर्टात त्यानं तिला नेलंच नाही. तिथं हरला. परभणीच्या अपिलातही हरला, तरी कपाळाला आठी नाही. माल अजून झाकलेलाच होता.

हायकोर्टाच्या खंडपीठाच्या तारखेला म्हातारीला नवं लुगडं नेसवून नेलं. ही कोण, म्हणून वकिलानं विचारलं.

"साक्षीदार."

"काका, साक्षी खालच्या कोर्टात होतात. परभणीनं त्या पुन्हा तपासल्या. इथं फक्त कायद्याचा मुद्दा ऐकतात. वाट होती का नव्हती, हे आता कुणी विचारणार नाही."

"मंग दिल्लीला नेतो हिला."

"तिथं तर अपिलाला आधी परवानगीच मागावी लागते."

मुंजाजीनं हिशोब लावला. "म्हंजी जितकं मोठं कोर्ट, तितकं कमी ऐकतंय."

अपील पाच मिनिटांत फेटाळलं.

परतताना परभणीहून पुढं गावाला संध्याकाळची एकच एसटी, त्यामुळं दिनकरराव पुढच्याच सीटवर. झुंबरबाईनं इतकी वर्षं पाठ केलेली साक्ष तिथंच द्यायला सुरुवात केली. विहिरीपासून वाट कशी वळती, चाक कुठं रुतलं, सगळं. कंडक्टर तिकिटं सोडून ऐकत उभा राहिला.

"चाकाला खांदा तुझ्या बापानं लावला, दिनकर. म्हणला, नवरीबाई, उतरू नगंस. बसूनच ऱ्हा."

गाव आलं तसा दिनकरराव सगळ्यांच्या आधी उतरला.

सकाळी त्यानंच काटे बाजूला केलेले. पारावर तो सगळ्यांदेखत बोलला, "निकाल माझ्याच बाजूनं हाय. मुंजाजीला वाट न्हाई. म्हातारीला हाय, माझ्या बापानं दिलेली."

तेव्हापासून मुंजाजीच्या गाडीत दर खेपेला कापसाच्या बोज्यावर झुंबरबाई बसलेली असते. चहा घेतल्याबिगर ती चढत नाही. दुसरा कप मागते तेव्हा मुंजाजी गुमान देतो. हिच्यावर अपील कुठं करायचं, ते वकिलालाही सांगता आलेलं नाही.