थुंकीचा निकाल

दर गुरुवारी सकाळी ग्वाल्हेरच्या मुरार भागात भाजीबाजारामागच्या मैदानात दोन-अडीचशे माणसं थुंकायला रांग लावायची. थट्टा करत नाही. शहरातल्या लष्कर भागातून टेंपो भरून यायचे, भिंड-मुरैन्याहून जीपा यायच्या. मंडपात चादरवाले महाराज, आणि त्यांच्यासमोर पिवळ्याधमक कपड्याच्या वीत-वीतभर तुकड्यांची चळत. आपण तुकड्यावर थुंकायचं. डाग लाल झाला की तोंडात कॅन्सरचा किडा. पिवळा राहिला की सुटलात.

"डॉक्टर पहले काटता है, फिर बताता है," महाराज माईकवरून सांगायचे. "हमारी चादर बिना काटे डीएनए पढ़ती है. बोलो भक्तो, पढ़ती है कि नहीं?"

"पढ़ती है," सगळं मैदान म्हणायचं.

मी वीस वर्षं तेच वाचायची धडपड करतेय. मी शिखा. लष्कर भागातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि तोंड, जीभ, घसा यांच्या कॅन्सरमध्ये कुठली जनुकं बिघडतात त्याचा अभ्यास करते. नावाआधी डॉक्टर लागतं, पण औषध देणारी डॉक्टर नव्हे. चौदाशे ग्वाल्हेरकरांची थुंकी आमच्या फ्रीजरमध्ये नळ्यांत गोठवलेली आहे. त्यावर माझे अकरा शोधनिबंध छापून आले. त्या चौदाशेंतल्या एकालाही मी कधी काही कळवलं नाही. नियमच तसा आहे, नाव नाही, नुसता नंबर. महाराज मात्र अर्ध्या मिनिटात निकाल द्यायचे, तेही नाव घेऊन. मग लोक कुणाकडे जाणार?

त्या नळ्यांवर नंबर चिकटवायचे आमचे लॅब अटेंडंट जगदेवराव. वीस वर्षं हेच काम, आणि वीस वर्षं दर तासाला व्हरांड्यात जाऊन तळहातावर तंबाखू-चुना मळणं. मी रागवायचे, ते हसायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गालाच्या आत एक छाला, म्हणजे फोड, आला तो जाईना. मीच त्यांना इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण लहान होता, पसरला नव्हता. सर्जन म्हणाले, आत्ता काढू, गालही राहील आणि बोलणंही राहील. महिन्याभरानंतरची तारीख मिळाली.

परत येताना ऑटोत त्यांनी विचारलं, "मॅडम, माझी पण थुंकी आहे ना आपल्या फ्रीजरमध्ये? निरोगीवाल्या खान्यात. तिच्यात काय निकललं होतं?"

"त्यावरून एकेकट्याचं सांगता येत नाही, जगदेवराव. तो रिसर्च आहे."

पुढच्या गुरुवारी ते मुरारला गेले.

डाग लालभडक आला. महाराजांनी संकल्प सोडायला लावला: एकवीस दिवस तंबाखू नाही, पान नाही, सुपारी नाही, रोज सकाळी चिमूटभर विभूती. एकविसाव्या दिवशी डाग पिवळा. ऑपरेशनच्या तारखेला जगदेवराव मंडपात माईक धरून आपण कसे बरे झालो ते सांगत होते.

मी माधवगंजला त्यांच्या घरी गेले. तो पिवळा तुकडा देव्हाऱ्यात ठेवला होता.

"छाला तसाच आहे, जगदेवराव. वाढलाय उलट."

"किडा बाहर येतोय, मॅडम. तुमच्याच्यानं वीस साल में झालं नाही, महाराजांनी इक्कीस दिन में केलं. बुरा मानू नका."

मी बुरा मानला. "मग मरा," म्हणाले आणि चपला घालून निघाले. हो, म्हणाले मी असं. पुढे तीन महिने कामापुरतं बोलले. एवढी शिकलेली बाई, पण त्या कपड्याकडे एकदा नीट बघावं हेही मला सुचलं नाही.

तीन महिन्यांनी त्यांची बायको, विजयाबाई, लॅबमध्ये आली. डोळे रडून सुजलेले.

"ताई, माझ्या हातून पाप झालं. देव्हाऱ्यातला कपडा तेलकट झाला होता, म्हणून मी साबण लावला. सगळा लाल झाला. ह्यांचा रोग मी परत आणला."



"विजयाबाई, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतं." ती म्हणाली. "आणि हळदीत चुना घातला की कुंकू होतं. आमची सासू घरीच करायची." मग तिने पदर तोंडाशी नेला. "अगं बाई. ही तर हळद आहे."

एवढंच होतं ते. कपडा हळदीत रंगवलेला. तंबाखू किंवा पान खाणाऱ्याच्या तोंडात चुना असतोच, तो लागला की हळद लाल. एकवीस दिवस तंबाखू बंद, की तोंडात चुना नाही, की हळद पिवळी. कॅन्सर असो की नसो. मैदानात येणारे निम्मे-अधिक लोक चुना खाणारे, त्यामुळे चादर कधी चुकायचीच नाही.

गुरुवारी आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. मी जन्मात तंबाखू खाल्ली नाही. गालात तांदळाएवढा चुना धरला होता, चांगलाच चरचरत होता. थुंकले. लाल.

"किडा पुराना है, बिटिया. तीन साल का," महाराज कळवळून म्हणाले.

मी पर्समधलं लिंबू काढून त्याच डागावर पिळलं. डाग पिवळा झाला.

"तीन साल का किडा तीन सेकंद में गया, महाराज," मी माईक ओढून म्हणाले. "चुना था. आपकी चादर चुना पढ़ती है."

विजयाबाईंनी चळतीतला कोरा तुकडा उचलला, ओला केला आणि त्यावर साबणाची वडी घासली. लाल झालेला तुकडा तिने गर्दीपुढे धरला. "ह्याच्यावर कोणीच थुंकलं नाही. अब बताओ, कॅन्सर किसको है?"

गर्दीत आपापल्या चुन्याच्या डब्या निघाल्या, ज्याने-त्याने लावून बघितलं. महाराज चेल्यांसकट मागच्या कनातीतून गेले ते परत दिसले नाहीत. त्या दिवशीही भक्तांत आलेले जगदेवराव मंडपातच बसून राहिले. एक म्हातारा माझ्यापुढे आला. "बाईजी, फिर आप ही थूक देखकर बता दो, हमें है कि नहीं." मी म्हटलं, थुंकीवरून मला नाही सांगता येत. तो चेल्यांना हुडकायला गेला.

जगदेवरावांचं ऑपरेशन झालं, चार महिने उशिरा. अर्धा जबडा, जिभेचा मोठा भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या. आठव्या दिवशी त्यांनी कागद मागितला आणि लिहिलं, "पहिल्याच तारखेला गेलो असतो तर?"

हे मला सांगता येत होतं. मी सांगितलं, "तुम्हाला बोलता आलं असतं." त्यांनी कागदाची घडी केली आणि उशीखाली ठेवली.

तोंडातला छाला किंवा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही तर दवाखान्यात जा. तुकडा काढू द्या, त्याला पर्याय नाही. निकालाला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे थांबा. आणि ऑपरेशनची तारीख मिळाली, तर त्या तारखेला जा.